धाकट्याचं धावणं

११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार घे. पाकीट जाड बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. दुकान ठीक, माझे गुडघे ठीक, वरच्या मजल्यावरची तुझी लेकही ठीक. तिच्याबद्दल एवढंच लिहितो. याहून जास्त लिहिलं की तू पुढच्या दोन पत्रांना उत्तर देत नाहीस.

फोनच केला असता, पण तुझ्या डाव्या कानाने संप पुकारलाय आणि उजवा निम्मंच ऐकतो. मागच्या वेळी मी 'चेन तुटली' म्हणालो, तू 'बहीण रुसली' ऐकलंस आणि खरोखर रुसलीस. त्यापेक्षा पत्र बरं.

तर बातमी अशी की मी धावायला लागलोय.

हसून घे, मग पुढे वाच. इथल्या मोठ्या तळ्याला वळसा घालणारी एक शर्यत ऑक्टोबरात असते, बहात्तर किलोमीटरची, एका दिवसात संपवायची. तिच्यात नाव घालायचं मनात आहे. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला असं काहीतरी सुचतं. कुणी केस काळे करतं, मी धावतोय.

सकाळी तळ्याकाठचा रस्ता धुक्यात बुडालेला असतो. पाणी कुठे संपतं नि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही, त्यामुळे बदकं हवेत बसल्यासारखी दिसतात. पावलांचा आवाज येतो, पण पाय दिसत नाहीत. तासाभराने तो आवाज आपला की शेजारून जाणाऱ्या कुणाचा, तेही कळेनासं होतं. आपण जागे आहोत की कुणाच्या तरी झोपेतून चाललोय, असं वाटत राहतं. मग काठावर उपड्या घातलेल्या होड्यांपाशी ऊन लागतं आणि सगळं जागच्या जागी येऊन बसतं.

अडचण एकच. तीन तासांच्या पुढे गेलं की दुसऱ्या दिवशी अंगात काही उरत नाही. जिना उतरताना कठडा धरून पाठमोरं उतरावं लागतं. महिन्यात दोनदा सर्दी झाली, तोंड आलं. दुकानात सायकली घेऊन येणारे धावपटू 'अँटिऑक्सिडंट खा, अँटिऑक्सिडंट खा' म्हणतात. मला तो शब्द वंगणाच्या डब्यावरचा वाटतो. तू एकोणतीस वर्षं हॉस्पिटलचं स्वयंपाकघर चालवलंस. काय खायचं, कधी खायचं, सविस्तर लिही. शब्दन् शब्द पाळीन.

तुझा,
धाकटा

*

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेत. हसून झालं. इतकी हसले की शेजारच्या बाई बघायला आल्या. मी म्हटलं, माझा भाऊ धावतोय. त्या म्हणाल्या, "कुणापासून?"

शाळेची दुसरी घंटा झाली तरी फाटकापासून रमतगमत येणारा तू. असो. विचारलंयस तर सांगते, अर्धवट सांगायची मला सवय नाही.

तू सायकलवाला, म्हणून तुझ्याच भाषेत. लोखंडाला हवा लागली की गंज चढतो ना, तसंच काहीसं अंगात होतं. धावताना आपण श्वास जास्त घेतो, आत जास्त जाळतो, आणि त्या जळण्यातून काही उनाड कण सुटतात. ते दिसेल त्याला चावत सुटतात. थोडे असले तर शरीर त्यांना आवरतं. तासन् तास धावणाऱ्याच्या अंगात ते फार होतात. त्यांना आवरणारं जे काही असतं, त्याला तुमचे ते लोक अँटिऑक्सिडंट म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरात आम्ही त्याला रंग म्हणायचो. झाड उन्हात उभं राहतं, त्याला पळता येत नाही, म्हणून ते स्वतःला वाचवायला रंग तयार करतं. तो रंग आपण खायचा. इतकं साधं आहे.

लाल, जांभळं, नारिंगी, गडद हिरवं. ताटात रोज तीन रंग दिसले पाहिजेत, आणि पिवळा बटाटा रंगात धरायचा नाही. डाळिंब, काळी द्राक्षं, तुती, चेरी मिळाली तर आंबटवाली. जांभळा कोबी. टोमॅटो कच्चा नाही, तेलात शिजवलेला. त्याचा लाल रंग तेलाशिवाय अंगी लागत नाही. गाजराचंही तेच. पालकावर लिंबू पिळ, आणि जेवणानंतर तासभर चहा नको, नाहीतर पालकातलं लोह चहाच घेऊन जातो. मूठभर अक्रोड. बीट धावायच्या दोन-तीन तास आधी.

बीट तुला सांगायला नकोच. लहानपणी बीट खाऊन लाल जीभ गल्लीभर दाखवत फिरायचास.

आता माझी अट. खाण्याबद्दल हवं ते विचार. धावण्याबद्दल मला लिहू नकोस. या घरात तो विषय सहा वर्षांपूर्वी एका रविवारी संपला, आणि का ते तुला माहीत आहे. धुक्याचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तरीपण नको.

ताई

*

२ एप्रिल

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. उन्हाळा लागला की सगळ्यांना सायकली आठवतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

तुझं पत्र दुकानात, हवा भरायच्या पंपाच्या वर, चिकटवून ठेवलंय. रोज तीन रंग होतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत फळं मांडून ठेवतो. दुपारी ऊन आलं की काळ्या द्राक्षांतून जांभळी सावली भिंतीवर पडते, आणि मी बराच वेळ तीच बघत बसतो. गिऱ्हाईक हाक मारतं तेव्हा भानावर येतो.

गुण येतोय. सर्दी गेली, तोंड परत आलं नाही. धावण्याबद्दल लिहू नको म्हणालीस, पण खाण्याचा परिणाम सांगायचा तर थोडं लिहावंच लागेल. परवाच्या रविवारी अठ्ठावीस किलोमीटर धावले. शेवटच्या तासात जरा थकले, पण थांबले नाही. घरी आल्यावर डाळिंब खाल्लं आणि खिडकीपाशी बसल्या बसल्या झोपून गेले. स्वप्नात सगळा रस्ता पुन्हा झाला, फक्त पाय जमिनीला लागत नव्हते.

दोन प्रश्न आहेत. पहिला, बीट घशाखाली उतरत नाही, मातीचा वास येतो. काय करावं? दुसरा, औषधाच्या दुकानातून क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांच्या बाटल्या आणल्या आहेत. एका गोळीत म्हणे वीस संत्री. रोज दोन घेतल्या तर फळं कापायचा व्याप वाचेल. चालेल ना?

तुझा,
धाकटा

*

११ एप्रिल

धाकट्या,

गोळ्यांच्या बाटल्या बंद करून कपाटात वर ठेव, हात पोचणार नाही अशा जागी. डॉक्टरने सांगितल्या असत्या तर गोष्ट वेगळी. आपल्या मनाने नकोत.

कारण सांगते, नाहीतर ऐकणार नाहीस. मी म्हटलं होतं ना, उनाड कण चावतात. पण ते थोडे चावले की शरीराला कळतं की आपल्याकडे मेहनतीचं काम आलंय. मग ते स्वतः तयारीला लागतं, स्नायू पक्के करतं, स्वतःचा पहारा बसवतं. एकदम वीस संत्र्यांचा मारा केला तर ते कण गप्प होतात, आणि शरीराला निरोपच पोचत नाही. मोठ्या डोसांनी सरावाचा फायदा कमी होतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. फळात सगळं बेताने असतं. म्हणून कापायचा व्याप करायचाच.

बीट न आवडणाऱ्या माणसासाठी: उकडू नकोस. उकडल्यावर मातीचा वास जास्त येतो. साल ठेवून भट्टीत भाज, थंड झाल्यावर साल काढ, संत्र्याच्या रसात भिजव, वर थोडं मीठ आणि मिरपूड. संत्र्याने मातीचा वास मरतो. हे मी एका हट्टी मुलीसाठी शोधून काढलं होतं. तिने तेव्हाही अर्धंच खाल्लं होतं.

आणखी एक. लांब धावणाऱ्यांच्या रक्तातलं लोह कमी होतं, बायकांचं जास्तच. तुला हे लागू नाही, पण माहिती असावी म्हणून लिहिते. तीन महिन्यांतून एकदा रक्त तपासून घ्यावं. नुसत्या थकव्यावर सोडू नये.

इथे हल्ली दुपारी फार शांत असतं. कान असे झाल्यापासून घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. घड्याळाचा लंबक हलताना दिसतो, आवाज मात्र नाही. परवा मी पण एक डाळिंब सोलून खिडकीत ठेवलं. भिंतीवर सावली पडते का ते बघत होते. पडते.

ताई

*

२० जून

भिंगरे,

डोंगरावरच्या सराव शिबिरात हवा विरळ आणि जेवण त्याहून विरळ, असं तुझं कार्ड आलं. म्हणून हे पार्सल. सुकवलेली चेरी, काळे मनुके, अक्रोड, आणि बाटलीत संत्र्याच्या रसातलं भाजलेलं बीट. तोंड वाकडं करू नकोस, या वेळी उकडलेलं नाही.

दुकानात येणाऱ्या त्या आहारवाल्या बाईंनी सांगितलंय की लोह तपासून घे. तिथल्या डॉक्टरांना सांग. गोळ्यांच्या बाटल्या मी माळ्यावर टाकल्यात, शोधू नकोस. बाई त्या बाबतीत फार कडक आहेत.

तू नाहीस तर सकाळी तळ्यावर सायकल काढायला कंटाळा येतो. तुझ्या शेजारून इतके महिने सायकल हाकली की आता नुसतं पॅडल मारताना चुकल्यासारखं होतं, बाजूला कुणाचा तरी श्वास पाहिजे. काल तरी गेलो. धुकं नव्हतं. धुक्याशिवाय ते तळं अगदी साधं दिसतं.

तुझ्या भिंगांच्या कारखान्यातला मुकादम चौकशी करून गेला. म्हणाला, तुमच्या भाचीसारखी काच घासणारं दुसरं कुणी नाही, तिला म्हणावं पडू नकोस, हात सांभाळ. मी म्हटलं, ती पायाने धावते. त्याला ते पटलं नाही.

मामा

*

२८ जून

मामा,

पार्सल पोचलं. बीट पूर्ण खाल्लं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय.

लोह तपासलं, खरोखरच कमी निघालं. डॉक्टरांनी औषध सुरू केलंय. म्हणाल्या, वेळेवर आलात. त्या बाईंना सांग.

आणि आता ऐक. त्या बाई म्हणजे आई आहे, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. 'पालकावर लिंबू पिळ आणि जेवणानंतर तासभर चहा नको' हे वाक्य मी या जगात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलंय, तेही रोज. तू पंपाच्या वर पत्र चिकटवलंस आणि त्यावर कॅलेंडर टांगलंस. वारा आला की कॅलेंडर उडतं, मामा.

मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर खाणं बंद झालं असतं. मला ते बंद व्हायला नको होतं. लांब धावताना पोटात काय आहे याचा विचार येतो. तिसऱ्या तासानंतर डोक्यात शब्द उरत नाहीत, नुसते रंग येतात. बराच वेळ डोळ्यांपुढे जांभळं, मग लाल. मला वाटायचं, हे तिने निवडलेले रंग आहेत. ती नको म्हणते त्या रस्त्यावर तिचेच रंग घेऊन मी चाललेय. त्या वेळी राग येत नाही. घरी पोचून बूट काढले की परत येतो.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. बाबा गेले त्या दिवशी माझा फोन सामानाच्या पिशवीत होता. शर्यत संपवून पिशवी घेतली तेव्हा तो बंद पडलेला. त्यानंतर चालू केला, तर आईचा एकही कॉल दिसला नाही, पण बंद फोनवर आलेले कॉल दिसतातच असं नाही. तिने किती वेळा लावला असेल? तीनदा? दहादा? मी प्रत्येक लांब धावण्यात हे मोजते. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ती म्हणाली, "मिळालं ना पदक? ठेव आता त्यांच्या उशाशी." ते बोलणं मला खरंच वाटलं. म्हणून मी तुझ्याकडे राहायला आले.

तिला सांगू नकोस की मला कळलंय. किंवा सांग. इथे सकाळी ढग खोलीत येतात आणि मला काहीच नीट ठरवता येत नाही.

भिंगरी

*

६ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं कबुलीजबाबाचं पत्र मिळालं. चार पानं. एवढी माफी तू लहानपणी माझी दौत फोडलीस तेव्हाही मागितली नव्हतीस.

मला एप्रिलमध्येच कळलं होतं. 'अठ्ठावीस किलोमीटर धावले, थकले, थांबले नाही, झोपून गेले.' सत्तावन्न वर्षांचा बाप्या असं लिहीत नाही. तिच्या वहीतून उतरवून घेताना 'ले'चं 'लो' करायचं राहून गेलं तुझ्याकडून. त्याआधीही शंका आलीच होती. धावणाऱ्या माणसाला बदकं इतकी निवांत दिसत नाहीत. तू सायकलवर होतास.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं, ते तुला सांगत नाही. थकले, पण थांबले नाही. सहा वर्षांत तिच्याकडून आलेले तेवढेच शब्द, तेही तुझ्या अक्षरात. मी उत्तर लिहीत राहिले, कारण या निमित्ताने का होईना, तिच्या पोटात काय जातंय ते मला ठरवता येत होतं. तिलाही कळलं होतं, हे तुझ्या पत्रातून आत्ता समजलं. म्हणजे तिघांत खरोखर फसलेला तू एकटाच.

फोनच्या कॉलचं तू लिहिलंस ते वाचून मात्र मी दोन दिवस भांडं चुलीवर ठेवलं नाही. ती ते मोजते हे मला माहीत नव्हतं. सोबत बंद पाकीट आहे, तिच्यासाठी. हातात दे आणि बाजूला हो.

ताई

*

६ ऑगस्ट

भिंगरी,

मायना काय लिहावा यातच अर्धी सकाळ गेली. शेवटी बाबांनी ठेवलेलं नाव लिहिलं. पुढे तू भिंगं घासायला लागलीस तेव्हा किती खूश झाले होते ते. म्हणायचे, मी आधीच सांगितलं होतं.

मी तुला फोन केला नव्हता. एकदाही नाही. आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

त्या रविवारी सकाळी सात वाजता त्यांना हॉस्पिटलात आणलं. मी खाली स्वयंपाकघरात होते, वर बोलावलं. छातीत दुखत होतं, पण बोलत होते. मी फोन काढला, तुझा नंबर लावणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "नको. आत्ता ती पुलावर असेल. धावू दे तिला. संपलं की सांग." मग सदरा मागितला. खिशात त्यांनी तुझ्या शर्यतीचा रस्ता आखलेला कागद होता, भूमितीच्या मास्तरांनी आखावा तसा, पट्टीने. प्रत्येक किलोमीटरला रेघ. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते पेन्सिलीने एकेक रेघ खोडत होते. मला सांगत होते, "आता बाजार. आता चढ. चढावर ती हळू होईल." एकतिसाव्या रेघेनंतर पेन्सिल खाली पडली. मला वाटलं, झोप लागली.

मी नुसती ऐकत बसले होते, धाकट्याच्या सायकलीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखी. मला माहीत असायला हवं होतं. एकोणतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई मी. मी फोन करायला हवा होता आणि केला नाही, कारण ते इतके आनंदात होते. हे ओझं माझ्याने उचललं गेलं नाही. तू दारात उभी राहिलीस, गळ्यात ते पदक, आणि मी ते तुझ्या अंगावर टाकून दिलं. तुला वाटलं मी फोन केले असतील. मला ते दिसत होतं. मी तसंच वाटू दिलं.

त्यांचा कागद सोबत ठेवलाय. तो तुझाच आहे. सहा वर्षं मी तो लपवून ठेवला.

उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल.

आई

*

१२ सप्टेंबर

ताई,

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. उत्तर का नाही ते विचारतेस.

पाकीट मी हातात दिलं आणि सांगितल्याप्रमाणे बाजूला झालो. तिने दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं. मग तो कागद उलगडला आणि गुडघ्यावर पसरून बराच वेळ बघत राहिली. त्यावर बोट फिरवत होती, पहिल्या रेघेपासून. मी एका सायकलीचं चाक सरळ करत बसलो, ते आधीच सरळ होतं. नंतर ती उठली, बूट बांधले आणि गेली. चार तासांनी आली. डोळे सुजलेले होते, पण जेवली. तीन रंग जेवली.

त्यानंतर तुझ्याबद्दल बोललेली नाही, रागानेही नाही. रोज तळ्यावर जाते. हल्ली कधीकधी मला मागे राहायला सांगते. मी लांबून बघतो. धुक्यात ती शिरते आणि मग बाहेर येईपर्यंत काही खरं वाटत नाही.

शर्यत नऊ ऑक्टोबरला आहे. मला शेवटच्या धावपटूच्या मागे सायकल चालवायचं काम दिलंय, म्हणजे मी दिवसभर सगळ्यांच्या मागेच. पन्नासाव्या किलोमीटरला जुन्या पंपघरापाशी फळांचं टेबल असतं. तिथे कापायला दरवर्षी माणसं कमी पडतात, म्हणून संयोजक जो येईल त्याच्या हातात सुरी देतात. उगाच लिहितोय. तू प्रवास करत नाहीस, ते माहीत आहे.

धाकटा

*

१४ ऑक्टोबर

आई,

मी पोचले. नऊ तास अठरा मिनिटं. बायकांत सातवी आले. पाय अजून जिना मानत नाहीत, पण बाकी ठीक आहे.

तुझ्या पत्राचं उत्तर दोन महिने मनात होतं आणि लिहायला बसलं की नुसती शाई वाळायची. आज दुसरंच काहीतरी विचारायचंय, त्या निमित्ताने तेही लिहून होईल.

आम्ही पहाटे निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की पुढच्याची पाठ दिसत नव्हती. दोनशे माणसं आणि नुसते श्वास. वीस किलोमीटरपर्यंत मी फोनचे कॉल मोजायची वाट बघत होते, दरवेळी मोजते तसे. मोजायला काही नव्हतंच. त्या जागी बाबा आले. दिसले नाहीत, पण 'आता चढ, चढावर ती हळू होईल' असं कुणी तरी डोक्यात म्हणत होतं, आणि मी हळू झाले. रडत नव्हते. फक्त डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वाऱ्याने सुकत होतं.

चाळीसनंतर ऊन आलं आणि मी हलकी व्हायला लागले. असं होतं कधीकधी. शरीर खाली कुठेतरी चालू असतं आणि आपण त्याच्या वर. झाडं आपण होऊन मागे सरकत होती. एका कुंपणावर पांढरी मांजर बसली होती, तिच्याशी मी काहीतरी बोलले. मांजर नसेलही.

पन्नासाला पंपघर. टेबलापाशी गर्दी. मी हात पुढे केला, तर कुणी तरी माझी मूठ उघडली आणि तळहातावर डाळिंबाचे दाणे ठेवले. नंतर भाजलेल्या बिटाच्या दोन फोडी. संत्र्याचा वास होता त्यांना. आणि आवाज आला, "नीट चाव. गिळू नकोस." मी मान वर केली नाही. वर केली तर ते स्वप्न मोडेल असं वाटलं. डोक्याला निळा रुमाल होता, बोटं लाल झालेली होती. अंगठ्याजवळ भाजल्याचा तो लांबट डाग. मी चावत चावत पुढे गेले. वळणावर मागे बघितलं, पण तिथे ऊन इतकं होतं की फक्त पांढरं दिसलं.

लांब धावणाऱ्यांना काहीबाही दिसतं, हे सगळे म्हणतात. म्हणून मी संध्याकाळी परत पंपघरापाशी गेले. तिथल्या मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, एक आजी पहाटेच आल्या होत्या, पिशवीत स्वतःची सुरी घेऊन. नाव विचारलं तर म्हणाल्या, ऐकू येत नाही. एवढ्या वेगाने फळं कापताना आम्ही कुणालाच बघितलं नव्हतं. एका बाईला बीट दिलं आणि लगेच त्याही निघून गेल्या. ती बाई म्हणजे मी. मामाला काहीच माहीत नव्हतं, तो तिथे पोचला तेव्हा टेबल पुसून झालं होतं.

ती तूच होतीस ना? आणि होतीस तर थांबली का नाहीस? मी बहात्तरावर पोचले तेव्हा तिथे कुणीच माझ्या ओळखीचं नव्हतं. एक अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर चादर टाकून गेला.

तुझ्यावर रागावलेली नाही. ते संपलं की नाही ते माहीत नाही, पण शोधलं तर सापडत नाहीये.

भिंगरी

*

२० ऑक्टोबर

भिंगरी,

मीच होते.

आदल्या दुपारची बस घेतली. सात वर्षांत पहिल्यांदा गाव सोडलं. रात्री स्टँडजवळच्या धर्मशाळेत राहिले, धाकट्याकडे आले नाही, कारण आले असते तर त्याच्या चेहऱ्यावरून तू ओळखलं असतंस. त्याला काही लपवता येत नाही, हे आपल्या दोघींना आता माहीत आहे.

पंपघरापाशी पोचले तेव्हा काही दिसत नव्हतं. मला आवाजही नाही, त्यामुळे मी अगदी कापसात ठेवल्यासारखी होते. मुलींनी सुरी द्यायच्या आधीच मी माझी काढली. मग पहिले धावणारे धुक्यातून आले, एकेक, आवाज न करता. आधी नुसती सावली, मग चेहरा, मग हात. मी हात बघून फळं देत होते. कुणाचे थरथरत होते, कुणाचे थंडगार. एकाने मला आई म्हटलं असावं, ओठ तसे हलले. मला कधीच कळलं नव्हतं की तुम्ही लोक असे दिसता. मला वाटायचं धावणं म्हणजे कशापासून तरी लांब जाणं. तिथे उभी राहिले तेव्हा दिसलं की सगळे येतच होते.

तू आलीस तेव्हा मी तुला चालीवरून ओळखलं. डावा खांदा थोडा खाली, त्यांच्यासारखा. तुझा चेहरा मी सहा वर्षांनी बघत होते, आणि तू डोळे उघडे ठेवून झोपली होतीस. मूठ आवळलेली होती म्हणून उघडावी लागली. तान्ही होतीस तेव्हाही अशीच आवळायचीस.

थांबले का नाही, ते विचारलंस. बसची वेळ झाली होती असं धाकट्याला कळवलंय. ते खरं नाही, बस तीन तासांनी होती. मला भीती वाटली की तू मान वर करशील आणि थांबशील. अजून बावीस किलोमीटर उरले होते. तू थांबली असतीस तर मला फार आवडलं असतं, आणि तुझ्या बाबांना मुळीच आवडलं नसतं. म्हणून तू वळणावरून दिसेनाशी झालीस तशी मी सुरी पुसली, पिशवीत टाकली आणि निघाले. स्टँडवर बाकावर बसून राहिले. तुझे उरलेले किलोमीटर मनातल्या मनात मोजत होते, मिनिटांवरून. मला तुझा वेग माहीत नाही, त्यामुळे चुकत होतं. माझ्या हिशेबाने तू बस सुटायच्या आधीच पोचायला हवी होतीस. नऊ तास अठरा मिनिटं म्हणजे मी वीस मिनिटं आधीच सुटकेचा श्वास टाकला.

शेवटच्या टोकाला तुझं कुणी नव्हतं, हे मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते मनाला लागलंय.

आता बोलायचं ते पत्रात मावणार नाही, आणि फोनवर मला निम्मंच ऐकू येईल. समोर बसून, माझ्या उजव्या बाजूला, जरा मोठ्याने बोललीस तर सगळं कळतं. कारखान्याला सुट्टी असेल तेव्हा ये. धावत नको, बसने ये. मी स्टँडवर येऊन उभी राहीन, आणि या वेळी तू पोचेपर्यंत जाणार नाही.

आई